सालगडी नकोत, वाटेकरी हवेत : मंडळीतल्या तरुणांना मिशनकार्यात सामील करताना

नाताळच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली, तरुण मुलं काय करत असतात ते आठवून पाहा. कोणी तारा बांधायला प्रार्थनामंदिराच्या छतावर चढलेलं असतं, कोणी कॅरलसाठी रात्री उशिरापर्यंत घरोघर फिरत असतं, कोणी मंडपवाल्याशी भाव करत असतं. हंगामाच्या सणाला (पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी) लिलावाचा माल तीच वाहतात. साऊंड तीच लावतात. पण मिशनफंडाचं काय करायचं हे पंच कमिटीत, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीत, ठरतं, तेव्हा त्यांच्यातलं कोणीही त्या खोलीत नसतं. शेतीच्या भाषेत सांगायचं तर आपण त्यांना सालगडी ठेवलंय. सांगितलेलं काम करायचं, वर्ष भरलं की मोकळं. वाटेकऱ्याचं तसं नसतं. बियाणं कोणतं घ्यायचं यावर तो बोलतो आणि पाऊस लांबला की त्याचीही झोप उडते.

नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत मी बरीच वर्षं तरुण संघाचा सल्लागार आहे. तरुणांना मिशनकार्यात वाटेकरी कसं करायचं, हे मी चुकत चुकत शिकलो. त्या चुकांसकट इथे पायऱ्यापायऱ्यांनी लिहितो आहे. उदाहरण घेतलंय ते साखर कारखान्यांभोवतीच्या ऊसतोड कामगारांचं, कारण आमच्या भागात ते काम दारातच आहे. तुमची मंडळी पुण्यात असेल तर बांधकामावरच्या वस्त्या असतील, मुंबईत असेल तर मोठ्या हॉस्पिटलबाहेर फूटपाथवर मुक्काम करणारे गावाकडचे नातेवाईक असतील. पायऱ्या त्याच राहतील.

आधी माझी चूक

पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही चौतीस जण सातपुड्यातल्या एका पाड्यावर पाच दिवसांच्या 'मिशन टूर'ला गेलो होतो. मे महिना होता, कारण परीक्षा संपलेल्या होत्या. सोबत कीबोर्ड, छापील टी-शर्ट आणि मंडळीतून गोळा केलेले जुने कपडे. आम्ही नाटुकली केली, गाणी म्हटली, कपडे वाटले, फोटो काढले. परत येऊन रविवारच्या भक्तीनंतर साक्ष दिली, म्हणजे आपला अनुभव सांगितला, लोकांचे डोळे पाणावले.

दोन वर्षांनी तिथले सुवार्तिक (ख्रिस्ताचा संदेश सांगणारे) दादा एका सभेत भेटले. फार संकोचानं त्यांनी सांगितलं, की आमच्या जेवणासाठी त्यांनी दुकानदाराकडून उधार घेतलं होतं आणि ते फेडायला त्यांना दिवाळी लागली. आणि पाणी? मे महिन्यात पाड्याचा झरा आटलेला असतो. आमच्या चौतीस जणांच्या आंघोळीचं पाणी पाड्यावरच्या बायकांनी डोक्यावरून, खालच्या ओढ्यातून आणलं होतं. आमच्यातल्या एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मी प्रमुख होतो, माझ्याही नाही. ते ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आजही उन्हाळ्यात हंडा घेऊन जाणारी बाई दिसली की ते आठवतं.

आमची मुलं मनापासून आली होती, दोष त्यांचा नव्हता. सगळं आम्ही मोठ्यांनी ठरवलं होतं आणि जिथे जाणार तिथल्या लोकांना काहीच विचारलं नव्हतं. पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

पहिली पायरी : पाळकसाहेब आणि पंच यांच्याशी बोलणी

कामाला सुरुवात तरुणांपासून करू नका, वडीलधाऱ्यांपासून करा. मुलं उत्साहानं तयार होतात आणि कमिटी ऐन वेळी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणते, हे एकदा झालं की ती मुलं पुन्हा पुढे येत नाहीत.

कमिटीकडून तीन गोष्टी लेखी घ्या. मिशन कमिटीत दोन तरुणांना जागा, एक मुलगा आणि एक मुलगी, मतासहित. वर्षभरासाठी ठरावीक रक्कम, थोडी असली तरी चालेल, पण तिचा खर्च तरुण संघ ठरवेल. आणि सोबतीला दोन जबाबदार वडीलधारी माणसं, त्यात एक बाई हवीच.

'पोरं अजून लहान आहेत' हे वाक्य तिथे हमखास ऐकू येईल. तेव्हा त्यांना आपल्याच मंडळ्यांचा इतिहास सांगा. १८०६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउन इथे पाच कॉलेज विद्यार्थी वादळात सापडले. गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी आशियातल्या लोकांकडे सुवार्ता जावी म्हणून प्रार्थना केली. त्या चळवळीतून १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले. नॉट तेव्हा चोवीस वर्षांचे होते. हॉल तिशीच्या आतले, त्याच विल्यम्स कॉलेजातून शिकलेले. ईस्ट इंडिया कंपनी त्यांना परत पाठवायला निघाली होती, तरी ते राहिले. पुढे १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना हॉल पटकीनं वारले. यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, आणि नगरकडच्या कितीतरी मंडळ्यांची मुळं तिथे आहेत. ज्यांच्या प्रार्थनेतून हे सुरू झालं ते आजच्या आपल्या तरुण संघाच्या वयाचे होते.

'पैसा कुठून आणणार' असा प्रश्न आला तर दुसरं उदाहरण द्या. २५ डिसेंबर १९०५ रोजी सेरामपूरला भारतीय ख्रिस्ती लोकांनी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन केली, भारतीय माणसं आणि भारतीय पैसा या तत्त्वावर. तिच्या संस्थापकांपैकी एक, व्ही. एस. अझरिया, तेव्हा एकतीस वर्षांचे होते.

दुसरी पायरी : जवळचं पाहणं

तरुणांना विचारलं की मिशनला कुठे जायचं, तर उत्तर येतं ओडिशा, ईशान्य भारत, कधी नेपाळ. त्या ओढीला नाव ठेवू नका. पण पहिलं वर्ष मंडळीपासून पंधरा किलोमीटरच्या आतच काढा. जिथे आठवड्याला पुन्हा जाता येत नाही तिथे ओळख होत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत दोघादोघांच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला एक भाग द्या : एसटी स्टँड, ग्रामीण रुग्णालय, बाजारतळ, वीटभट्टी, वसतिगृह, कारखान्याचा परिसर. काम एकच, पाहायचं आणि वहीत लिहायचं. कोण कुठून आलंय, कधी येतात, कधी जातात, मुलं दिवसभर कुठे असतात, पाणी कुठून भरतात. कोणाला काही द्यायचं नाही, कोणतंही आश्वासन द्यायचं नाही. दोन महिन्यांनी सगळ्या वह्या एकत्र वाचा.

आमच्या वह्यांमधून ऊसतोडीच्या टोळ्या समोर आल्या. आम्ही त्यांना लहानपणापासून पाहत होतो, पण माहीत काही नव्हतं. बीड, पाथर्डी, शेवगाव, चाळीसगाव, नंदुरबार अशा ठिकाणांहून दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे अंधारात फडावर निघायचं, गाडी भरायला रात्र झाली तरी थांबायचं. मागे कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन चूल सांभाळत असते. आमच्या संघातल्या एका मुलीनं वहीत लिहिलं होतं : 'तिच्या वयाची असताना मी शब्बाथशाळेत (रविवारच्या बायबलवर्गात) बक्षीस मिळावं म्हणून वचनं पाठ करत होते.' कुठे काम करायचं हे त्या एका ओळीनं ठरलं. कमिटीला भाषण करावं लागलं नाही.

तिसरी पायरी : विचारल्याशिवाय काही सुरू करू नका

आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड यासाठी समजून घ्यायला हवं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेऊन आलं आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावात जाऊन आधी त्यांनी लोकांचं ऐकलं. आणि आरोग्याचं काम कोणाच्या हातात दिलं? गावानंच निवडलेल्या बायकांच्या. त्यातल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित. त्यांना शिकवून ग्राम आरोग्य सेविका केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक ते पाहायला जामखेडला येऊ लागले. शक्य असेल तर तुमच्या तरुणांना एक दिवस तिथे घेऊन जा. एका सेविकेशी तासभर बोलणं झालं की पुष्कळ प्रवचनांचं काम होतं.

आमच्याकडे टोळ्या आल्यावर दोन वडीलधारी आणि चार तरुण आधी मुकादमाला भेटले, मग कोप्यांवरच्या बायकांना. आमच्या मनात कपडेवाटप होतं. बायकांनी तीन गोष्टी सांगितल्या : पोरांना संध्याकाळी कोणीतरी बसवून शिकवा, गरोदर बाईला दवाखान्यात कोणीतरी सोबत चला, आणि रात्री कोप्यांकडे येणाऱ्या वाटेवर दिवा लावायला कारखान्याला सांगा. कपड्यांचं कोणी नावही काढलं नाही.

त्यांनी सांगितलं तेच करा. सरकारी व्यवस्थेला वळसा घालू नका, तिच्याशी लोकांची गाठ घालून द्या. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्षात केव्हाही शाळेत घ्यावं लागतं, आणि स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना टोळीची यादी द्या म्हणजे लसीकरण चुकणार नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुलं हे काम फार चांगलं करतात. मोबाईल, अर्ज, कचेरीतल्या रांगा, यांना ती आपल्याइतकी बिचकत नाहीत.

चौथी पायरी : कोणाला घ्यायचं

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौलानं तीमथ्याला सोबत घेतलं, ते लुस्त्र आणि इकुन्य इथल्या बंधूंनी त्याच्याविषयी चांगली साक्ष दिली म्हणून. म्हणजे निवड त्याच्या ओळखीच्या माणसांच्या सांगण्यावर झाली. गाणं चांगलं म्हणतो, स्टेजवर धीटपणे बोलतो, या गोष्टींवर निवड करू नका. घरी कसा वागतो, दिलेला शब्द पाळतो का, चूक झाली तर कबूल करतो का, हे त्याच्या आईला आणि शब्बाथशाळेच्या बाईंना विचारा. आमच्याकडे सगळ्यांत टिकून काम केलं ते एका अबोल मुलानं. मंडळीत त्यानं कधी प्रार्थनाही मोठ्यानं केली नव्हती.

वयाप्रमाणे काम वेगळं ठेवा. सोळाच्या आतल्यांनी फक्त दिवसा, आई किंवा वडील सोबत असतील तेव्हाच यावं. सोळा ते अठरा वयाच्या मुलांनी पालकांच्या लेखी परवानगीनं यावं, मुक्काम नको. अठरापुढच्यांना जबाबदारी द्या. दहावी-बारावीच्या मुलांना जानेवारीपासून पूर्ण मोकळं ठेवा. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊसतोडीचा हंगामही तेव्हाच, त्यामुळे ओढाताण होते. 'देवाचं काम आधी' असं म्हणून मुलाला अभ्यासातून उठवलंत, तर त्या घराचं दार तुमच्यासाठी बंद होईल, आणि त्यात चूक त्यांची नसेल.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. बऱ्याच ठिकाणी मुलींना मुलांबरोबर 'मिशन' म्हणून नेलं जातं आणि तिथे गेल्यावर पोळ्या लाटायला बसवलं जातं. स्वयंपाकाची पाळी सगळ्यांची. मराठी मातीत पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, पुढे दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन शेकडो मुली-विधवांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणलं. हा वारसा असलेल्या मंडळीत मुलीनं फक्त कणीक मळावी हे पटण्यासारखं नाही.

पाचवी पायरी : सहा शनिवार

निवडलेल्यांची तयारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सहा शनिवार संध्याकाळी, दोन-दोन तास घ्या. प्रथमोपचार (सर्पदंश, जलसंजीवनी, भाजणं) हे एका शनिवारी डॉक्टर किंवा नर्स शिकवतील. मुलांना शिकवायच्या साध्या पद्धती एखाद्या शिक्षिकेकडून घ्या. ही दोन सोपी. बाकीच्यांवर वेळ द्या.

आपली साक्ष सांगणं. प्रत्येकानं तीन मिनिटांत, शेजारच्या हिंदू मित्राला कळेल अशा मराठीत, येशूवर आपला विश्वास का आहे हे सांगून दाखवायचं. तारण, अभिषेक, नवा जन्म, ओझं, दर्शन असे शब्द आले की थांबवायचं आणि विचारायचं, 'म्हणजे काय?' पहिल्या वर्षी आमच्या अठरापैकी एकालाही हे जमलं नाही. सगळेजण उपदेशकासारखे बोलू लागले. तिसऱ्या फेरीत एक जण म्हणाला, 'माझे वडील दारूत गेले. मला कोणाचा तरी मुलगा म्हणून राहायचं होतं.' मग खोलीत शांतता झाली आणि सगळे खरं बोलू लागले. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाच्या वळणावर ख्रिस्ताची गाणी रचली, नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा १९व्या शतकापासून आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी लोकांच्या भाषेत बोलायची एवढी मेहनत घेतली आणि आपली मुलं आज परदेशी गाण्याच्या चालीवर इंग्रजी ओळी घेऊन कोपीसमोर उभी राहतात. भजनाची एक टाळ बाळगा, पुष्कळ झालं.

जात. हा विषय आपण मंडळीत टाळतो, म्हणून तो तयारीत घ्यावाच लागतो. ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये वंजारी, मराठा, बंजारा, दलित, भिल्ल अशा वेगवेगळ्या समाजांचे लोक असतात. आपल्या मुलांना कोपीत गेल्यावर पहिला प्रश्न आडनावाचा येतो. काही जण आडनाव लपवतात, काहींचा आवाज बारीक होतो. आणि काही जण उलट करतात, शिकलेले आहोत म्हणून समोरच्याला कमी लेखतात. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, हे मुलांना माहीत असावं आणि त्याची लाज वाटू नये. त्याच वेळी, ज्यांना आज पाणी दुरून आणावं लागतंय त्यांच्यापुढे आपण उंचावर उभे राहू नये. या शनिवारी एखाद्या वयस्कर आजीला बोलवा आणि तिला तिचं बालपण सांगू द्या. मी यावर जास्त बोलत नाही, आजीच बोलतात.

मुलांची सुरक्षा. यात सवलत नाही. लहान मुलासोबत कोणीही एकट्यानं बंद जागेत बसायचं नाही, नेहमी दोघं, आणि इतरांना दिसेल अशा ठिकाणी. मुलाला मांडीवर घ्यायचं नाही. मुलांना वैयक्तिक मोबाईल नंबर द्यायचा नाही. एखाद्या मुलाच्या अंगावर मार किंवा भीती दिसली तर कोणाला सांगायचं ते नाव आधी ठरलेलं हवं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचार माहीत असूनही न कळवणं हा गुन्हा आहे, आणि 'मंडळीचं नाव खराब होईल' हे कारण तिथे चालत नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर प्रत्येकाच्या वहीत लिहून द्या.

सहावी पायरी : कायदा आणि आपला प्रामाणिकपणा

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नं सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना बाध न येता धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलंय. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. वेगवेगळ्या राज्यांत बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन यांविरुद्ध कायदे आहेत आणि त्यांत बदल होत असतात. म्हणून जिथे काम करणार, विशेषतः गुजरात किंवा मध्य प्रदेशच्या हद्दीत जाणार असाल, तर निघण्याआधी तिथल्या कायद्याची माहिती एखाद्या वकिलाकडून घ्या. परदेशातून कोणी मित्र पर्यटक व्हिसावर आला असेल तर त्याला या कामात घेऊ नका. त्या व्हिसावर मिशनकार्य करता येत नाही.

कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं : मदत आणि प्रार्थना यांची सांगड घालू नका. शिकवणीच्या शेवटी खाऊ वाटून मग येशूचं गाणं, असं आम्ही सुरुवातीला करत होतो. एका बापानं शांतपणे विचारलं, 'गाणं म्हटलं नाही तर खाऊ मिळणार नाही का?' त्या दिवसापासून संध्याकाळचा वर्ग हा फक्त वाचन, पाढे आणि खेळ यांचा आहे. आईवडिलांच्या माघारी त्यांच्या मुलांना आम्ही बायबल शिकवत नाही. मोठी माणसं स्वतः विचारतात, 'तुम्ही हे का करता?' ते विचारतातच. तेव्हा खरं उत्तर द्यायचं, न लपवता, सौम्यतेनं आणि आदरानं, जसं पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलंय. कोणी प्रार्थना मागितली तर तिथेच करायची. आपला विश्वास लपवणं हाही अप्रामाणिकपणाच आहे. पण भुकेल्या माणसाच्या भुकेचा आधार घेऊन बोलू नये.

पैशाचं

प्रत्येक सभासदानं महिन्याला पन्नास रुपये स्वतःचे द्यायचे, विद्यार्थ्यानंही. घरून मागितलेले चालतील, पण वडापाव सोडून वाचवलेले जास्त चांगले. हंगामाच्या सणाला तरुण संघाचा वड्यांचा स्टॉल लावा. खातं मंडळीच्या नावावर, सह्या दोघांच्या, त्यातली एक तरुण खजिनदाराची. मोबाईलवरून येणारे पैसे कोणाच्याही खाजगी नंबरवर घेऊ नका, अगदी पाळकसाहेबांच्याही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशोब सूचनाफलकावर. वीस वर्षांच्या मुलीनं हिशोब वाचून दाखवला आणि एका पंचानं उठून प्रश्न विचारला, त्याला तिनं पावतीसकट उत्तर दिलं, तेव्हा मला वाटलं की आता ही मुलं वाटेकरी झाली.

प्रत्यक्ष कामाचे दिवस

आठवड्यातून दोनच संध्याकाळी, पण त्या चुकवायच्या नाहीत. नाताळच्या आठवड्यातही नाही. आपण सणात दंग असतो तेव्हा टोळी उसातच असते. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूनं शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं आणि पुढ्यात वाढतील ते खा म्हणाला. आम्ही दोन्ही अक्षरशः पाळतो. जोडीत एक अनुभवी, एक नवा. कोपीत भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला तर तिथे बसून खायचा. 'नको, घरून खाऊन आलोय' हे वाक्य गरीब घरात फार लागतं. पण स्वतःहून मुक्कामाचं किंवा जेवणाचं ओझं कोणावर टाकायचं नाही. सातपुड्यातल्या त्या उधारीनंतर हा नियम मी कधी सैल केलेला नाही.

फोटो काढायचे नाहीत. तरुणांना हा नियम सगळ्यांत जड जातो. पण ज्या मुलीच्या अंगावर धड कपडा नाही, तिचा फोटो आपल्या स्टेटसवर का असावा, हे त्यांनाच ठरवू द्या. चर्चेअंती नियम तेच करतात, आणि आपल्यापेक्षा कडक करतात.

दर संध्याकाळी परतताना वहीत चार ओळी. किती आले ते लिहाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोण आलं नाही आणि का. फेब्रुवारीत एक जोडी सारखी लिहीत होती, 'अमुक मुलगी आज पण नाही.' चौकशी केली तेव्हा कळलं की तिचं लग्न ठरवलंय. वय चौदा. आशाताई, शाळा आणि बालकल्याण समिती यांना गाठून ते थांबवलं. वही नसती तर ते कोणाच्या लक्षात आलं नसतं.

मग लांबचा दौरा

एक पूर्ण हंगाम जवळ काम केलेल्यांनाच लांब न्या. दहा-बारांहून जास्त नकोत. तारीख तिथले लोक ठरवतील. धडगाव-अक्कलकुव्याकडे दिवाळीनंतर कितीतरी घरं मजुरीसाठी स्थलांतर करतात, होळी हा त्यांचा मोठा सण, मे महिन्यात पाणी नसतं, जूनमध्ये पेरणी. आपल्या कॉलेजच्या सुट्टीला त्यांचं वर्ष बांधलेलं नाही. पावरी, मावची, भिलोरी या भाषा तिथल्या, आणि आपली मराठी तिथे पाहुणीच आहे, म्हणून निदान पन्नास शब्द शिकून जा. जेवणाचे पैसे यजमान मंडळीला आधी पोचते करा. तिथे जाऊन उपदेश करायची घाई करू नका. नवापूर, चिंचपाडा भागात आपल्यापेक्षा दृढ विश्वासाच्या मंडळ्या आहेत. आमची मुलं तिथून रात्रभर चालणारी प्रार्थना शिकून आली.

कोणी मध्येच सोडून गेलं तर

जाईल. दरवर्षी दोन-तीन जण जातात. नोकरी लागते, कंटाळा येतो, प्रेमप्रकरण होतं, कधी विश्वासच डळमळतो. बायबलमध्ये पौल आणि बर्णबा यांच्या मिशनदौऱ्यातला सोबती योहान मार्क पंफुल्याहून माघारी फिरला होता. त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तंटा झाला की दोघे वेगळे झाले. पण बर्णबानं त्याला सोबत ठेवलं, आणि आयुष्याच्या शेवटी पौलानंच तीमथ्याला लिहिलं, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. सोडून गेलेल्या मुलाच्या घरी महिन्याभरात कोणीतरी चहाला जावं, कामाचा विषय न काढता. आमच्याकडचा असा एक मुलगा चार वर्षांनी परत आला. आज तो सगळ्यांत अवघड टोळी सांभाळतो.

उलटही होतं. एखाद्याला वाटू लागतं की हेच माझं आयुष्य. त्याला लगेच बायबल कॉलेजात पाठवू नका. दोन वर्षं थांबू द्या, कमावू द्या. मग पाळकसाहेब, आईवडील आणि तो स्वतः, सगळ्यांना तेच वाटत असेल तर पुण्याला युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. पण हाक फक्त पाळक होण्याचीच नसते, हेही सांगा. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयानं किती नर्सेस घडवल्या, त्यांनी खेड्यापाड्यांत जे केलं ते मिशनच होतं. आमच्या संघातली एक मुलगी आज जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे आणि हंगामात टोळ्यांच्या मुलांना स्वतःहून पटावर घेते.

हंगाम संपल्यावर

मार्चअखेर टोळ्या निघायच्या आठवड्यात प्रत्येक मुलाचं गाव, शाळा आणि पालकांचा नंबर लिहून घ्या. शिक्षण हमी कार्ड हातात दिलंय ना ते पाहा. निरोपाला एक संध्याकाळ ठेवा, त्यांच्या पद्धतीनं, त्यांच्या जेवणाची. एप्रिलच्या एका शनिवारी सगळे तरुण बसा आणि प्रत्येकानं दोन गोष्टी सांगा : मी काय शिकलो, आणि कुठे चुकलो. आधी सल्लागारानं आपली चूक सांगायची. जूनमध्ये शाळा उघडल्यावर प्रत्येक घरी एक फोन, 'पोरगी शाळेत जातेय का?' एवढंच विचारायला. आमच्या यादीतली सगळी मुलं जात नाहीत. जी जात नाहीत त्यांची नावं बुधवारच्या प्रार्थनेत वाचली जातात, आणि त्यांच्या गावाजवळच्या मंडळीला पत्र जातं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, भक्ती सुटल्यावर, जुनी जोडी नव्या जोडीला वही देते. कोणत्या कोपीत कोणाला दमा आहे, कोणता मुकादम चिडका आहे, कोणत्या मुलाला तेराचा पाढा येत नाही, सगळं त्यात असतं. दिवाळी झाली की गाड्या येऊ लागतात.